‘चोवीस वर्षं भट्टीजवळ काढली, आता पीपीटी बघून ओतकाम शिकायचं का?’

ताई, नमस्कार.

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सुपरवायझर आहे. कराडला पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि इथे लागलो, त्याला चोवीस वर्षं झाली. ट्रॅक्टर आणि ट्रकची हाउसिंग ओतून, मशीनिंग करून आम्ही देतो. पूर्वी तिन्ही शिफ्ट भरून चालायच्या. गेली चार-पाच वर्षं काम कमी होत गेलं, एक मोठा ग्राहक तुटला, आता दीड शिफ्टवर आलोय.

मालक थकले. मुलानं कारभार घेतला आणि दोन वर्षांपूर्वी बाहेरची माणसं आणली. सीओओ साबण-शाम्पूच्या कंपनीतून आलेत. परचेसला आणि एचआरला नवीन हेड. सगळे पुण्याचे. सोमवारी उशिरा येतात, शुक्रवारी दुपारी गाड्या खंबाटकीकडे लागतात. शॉपवर पाहुण्यासारखे फिरून जातात. सकाळची उभ्याउभ्याची मीटिंग बंद करून रोज डॅशबोर्ड भरायला लावलाय. परचेसनं किलोमागे पैसे वाचतात म्हणून बेंटोनाइटचा, म्हणजे साच्याची वाळू बांधणाऱ्या मातीचा, सप्लायर बदलला, तेव्हापासून ब्लोहोल (कास्टिंगमध्ये वायूनं पडणारी भोकं) वाढलेत. मी बोललो तर ‘तुमचा माइंडसेट जुना आहे’ असं चार माणसांत ऐकवलं. प्लँट हेडची जागा मला मिळणार असं सगळे धरून चालले होते, तिथेही बाहेरचाच आणला. क्वालिटीला नागपूरचा एक नवीन पोरगा आलाय, तो तेवढा संध्याकाळी मोल्डिंगवर येऊन विचारपूस करतो. बाकी कुणाला आमच्याशी देणंघेणं नाही.

आता सांगितलंय, तुमच्या खात्यातल्या ‘लो परफॉर्मर’ पंधरा माणसांची यादी द्या. त्यातल्या निम्म्यांना मी हाताला धरून शिकवलंय. मालकांचा मुलगा मला लहानपणापासून काका म्हणतो. त्याच्याकडे सरळ जावं का? बायको म्हणते राजीनामा टाका, बीपी वाढवून घेऊ नका. मुलगा बारावीला आहे. रात्री झोप लागत नाही. काय करू?

– एक सुपरवायझर, सातारा

*

दादा,

तुमच्या पत्रात सगळ्यात शेवटी आलेली गोष्ट मी आधी घेते, ती यादीची. बाकीच्या प्रश्नांना महिना-दोन महिने लागले तरी चालतील. यादी मात्र उद्या-परवा मागतील आणि एकदा तुमच्या सहीनं गेली की परत येणार नाही.

कामगार कमी करायचेत हे व्यवस्थापनानं ठरवलं असेल तर तो निर्णय त्यांचा. पण त्याला कायद्याची वाट आहे. सलग एक वर्ष काम झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. आणि त्या-त्या कामाच्या वर्गात जो शेवटी आला तो आधी जातो. हा क्रम मोडायचा तर कारणं लिहून ठेवावी लागतात. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ‘लो परफॉर्मर’ हा शिक्का बहुतेक वेळा हा क्रम मोडण्यासाठीच लागतो. पंधरा आकडा आधी ठरतो, मग पंधरा नावं शोधायची, मग नावांना कारणं चिकटवायची. कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात माझं आयुष्य गेलं आहे. अशा याद्या लेबर कोर्टात पोचतात तेव्हा सही कुणाची आहे तेच आधी बघतात. ज्यानं तोंडी सांगितलं तो तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

तेव्हा सरळ नकार देऊन भांडण ओढवू नका, आणि नावंही देऊ नका. एक ईमेल लिहा, नम्र आणि छोटा. ‘कामगिरी कोणत्या निकषावर मोजायची, कोणत्या काळातली, हे लेखी कळवावं. माझ्याकडे हजेरी, शिफ्टचं उत्पादन आणि स्किल मॅट्रिक्सची (कोणाला कोणतं काम येतं याची) जी नोंद आहे ती सोबत जोडली आहे.’ याच ईमेलमध्ये हेही लिहा की सध्याच्या ऑर्डरला मोल्डिंगवर किती माणसं लागतात, कोअर शॉपला किती, फर्नेसला किती, फेटलिंगला (कास्टिंग साफ करायला) किती. कोणत्या कामाला एकच माणूस उरला आहे तेही लिहा. फर्नेसच्या लायनिंगचं, म्हणजे आतल्या अस्तराचं, रॅमिंग (ठोकून बसवणं) नीट करणारे तुमच्याकडे दोघंच असतील आणि त्यातला एक यादीत गेला, तर लायनिंग फुटेल त्या रात्री कुणाला बोलावणार? हा प्रश्न कागदावर असू दे. ज्याच्या कामाबद्दल तुमची खरीच तक्रार असेल, त्याला आधी सांगितलं होतं का, कधी सांगितलं, हे बघा. सांगितलं नसेल तर आज अचानक त्याचं नाव देणं अन्यायाचं आहे. आणि कंत्राटी पोरांचा विचार करा. गेट पास बंद झाला की त्यांना यादीचीही गरज नसते, आणि त्यांच्यासाठी बोलणारं बहुधा कुणीच नसतं.

आता बाहेरच्या साहेबांविषयी. इथे तुम्हाला न आवडणारं काही सांगते.

काम चार-पाच वर्षांपासून कमी होतंय आणि ही माणसं दोन वर्षांपूर्वी आली, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे उतार त्यांच्या आधीचा आहे. ते आले म्हणून कंपनी खाली गेली असं नाही. खाली चालली होती म्हणून त्यांना आणलं. साताऱ्याला हे नवीन नाही. महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ मध्ये इथे उभी राहिली, ‘प्रिया’ स्कूटरसाठी लोक नंबर लावून थांबायचे. पुढे गिऱ्हाईक मोटरसायकलकडे वळलं आणि गिअरच्या स्कूटरचा बाजारच उठला. शॉपवरचा माणूस कितीही जीव लावून काम करत असला तरी बाजाराला त्याची खबर नसते. तुमचा तो मोठा ग्राहक का गेला? त्यानं माल कमी घेतला की दुसऱ्याकडून घ्यायला लागला? त्याच्या लाइनवर तुमचं रिजेक्शन किती होतं? हे तुम्हाला माहीत असेल तर सगळा राग साहेबांवर काढता येणार नाही, हे तुम्हाला आतून कळत असणार. मालकांच्या मुलाला बाहेरचा माणूस आणावासा वाटला, त्यामागेही हेच असेल. घरातल्या माणसांना विचारलं की ‘होईल ठीक’ हेच उत्तर मिळत होतं.

‘बाहेरचा’ म्हणून एखाद्याला नाकारणं आपल्या भागाला तर मुळीच शोभत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून आले आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या मुलखात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी कारखाना घातला. ते बाहेरचेच होते. पण त्या माळावर ते राहिले. कामगारांची वसाहतही त्यांनी तिथेच वसवली. आज किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्याची म्हणून आपण अभिमानानं सांगतो.

दुसरं उदाहरण दूरचं आहे, पण तुमच्या प्रश्नाला अगदी लागून आहे. अमेरिकेतली फोर्ड कंपनी २००६ मध्ये बुडायच्या वाटेवर होती. त्या एका वर्षात तिला १२ अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला. तेव्हा त्यांनी ॲलन मुलाली यांना आणलं, ते बोइंगमधून, विमानांच्या कंपनीतून. मोटारीच्या धंद्यातले लोक त्यांच्याबद्दल तेच म्हणत होते जे तुम्ही साबण-शाम्पूबद्दल म्हणता. मुलालींनी दर आठवड्याला सगळ्या खातेप्रमुखांची बैठक घ्यायला सुरुवात केली. काम ठीक असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल, असा प्रत्येकानं आपला तक्ता दाखवायचा. कंपनी अब्जावधी गमावत होती आणि सगळे तक्ते हिरवे! जुन्या फोर्डमध्ये लाल दाखवणाऱ्याची धडगत नसायची, म्हणून. शेवटी मार्क फील्ड्स या अधिकाऱ्यानं कॅनडातल्या कारखान्यात अडलेल्या एका नव्या गाडीचा तक्ता लाल दाखवला. खोलीत सन्नाटा. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, याला मदत कोण करणार? पुढच्या काही बैठकांत तक्त्यांवर लाल-पिवळे रंग दिसायला लागले. फोर्ड दिवाळखोरीत न जाता तगली आणि २०१४ मध्ये मुलालींच्या जागी फील्ड्सच आले.

त्याच सुमाराला, २००७ मध्ये, क्रायस्लरनंही बाहेरचा माणूस आणला होता, घरबांधणीचं सामान विकणाऱ्या दुकानांच्या साखळीतून. २००९ च्या एप्रिलमध्ये क्रायस्लर दिवाळखोरीत गेली. मंदी मोठी होती, सगळा दोष त्या एका माणसाचा नव्हता हे खरं. पण दोन्हीकडे माणूस बाहेरचाच होता, एवढंच मला दाखवायचंय.

म्हणून तुमच्या सीओओंचा आधीचा धंदा कुठला होता हे मी सोडून देते. मी तीनच गोष्टी बघते. ते शॉपवर घाम येईपर्यंत थांबतात का? वाईट बातमी आणणाऱ्याचं ऐकून घेतात का? एखादा खर्च कापल्यावर त्याचा परिणाम स्वतःहून तपासतात का? तुमच्या पत्रावरून या तिन्हींचं उत्तर आज ‘नाही’ असं दिसतं. चार माणसांत ‘माइंडसेट जुना’ म्हणणं तर गैरच. पुन्हा असं झालं तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता म्हणा, ‘सर, माझी चूक असेल तर आकड्यात दाखवा, मी ऐकतो.’ पुढे एक शब्दही नको.

आणि आकड्यात तुम्हीही दाखवायला हवं. बेंटोनाइटच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. हलक्या बेंटोनाइटमध्ये वाळूला बांधणारी माती कमी, म्हणून तो जास्त घालावा लागतो, त्याला पाणी जास्त लागतं आणि ओतताना त्या पाण्याची वाफ धातूत शिरून ब्लोहोल होतात. हे तुम्हाला पाठ आहे. परचेसच्या हेडना ते ठाऊक नाही, आणि त्यांच्या कागदावर किलोमागची बचत हिरव्या अक्षरात दिसते आहे. तुमचं ‘ब्लोहोल वाढलेत’ हे वाक्य त्या आकड्यापुढे टिकत नाही. त्यांना तुमची तक्रार ऐकू येते, नुकसान दिसत नाही.

तर असं करा. सप्लायर बदलायच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने घ्या. सँड लॅबच्या रजिस्टरमध्ये वाळूचं मॉइश्चर, कॉम्पॅक्टिबिलिटी (ती किती दबते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) रोज लिहिलेलं असतं, ते काढा. टनामागे बेंटोनाइट किती घातला ते काढा. बऱ्याच वेळा किलोमागे स्वस्त पडलेला माल जास्त घालावा लागल्यानं टनामागे तेवढ्यालाच जातो. मग रिजेक्शन, आणि ते कुठे सापडलं तेही. हे महत्त्वाचं आहे, कारण कातडीखालचा ब्लोहोल फाउंड्रीत दिसत नाही, मशीनिंगला कट घेतल्यावर उघडा पडतो. तोवर मशीनचे तास गेले, टूल गेलं. लोखंड परत भट्टीत जातं म्हणून ‘मटेरियल लॉस नाही’ असं डॅशबोर्ड दाखवत असेल. पण एक टन लोखंड वितळवायलाच साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते, ती दुसऱ्यांदा भरावी लागली. ग्राहकाच्या लाइनवर सापडला असेल तर पैसे कापल्याची डेबिट नोट आली असेल, ती अकाउंट्समध्ये आहे. हे सगळं रुपयांत आणा आणि परचेसच्या बचतीशेजारी ठेवा. एका पानावर बसलं पाहिजे.

आणि प्रामाणिकपणे एक शंकाही ठेवा. ब्लोहोल पोरिंग टेंपरेचरनं वाढू शकतात, कोअरच्या गॅसनं वाढू शकतात, व्हेंट बुजल्यानं वाढू शकतात. मेंटेनन्सचं बजेट कापल्यामुळे सँड मिक्सर नीट चालत नसेल, तेही कारण असेल. म्हणून पानाच्या शेवटी ‘जुना सप्लायर परत आणा’ असं लिहू नका. एक ट्रायल मागा. तोच पॅटर्न, तीच माणसं, तेच हीट, म्हणजे भट्टीची तीच खेप, ज्यात बेंटोनाइट तेवढा जुना. सिस्टिममधली वाळू नव्या मालाला सरावायला वेळ घेते, म्हणून एका शिफ्टवर निकाल काढू नये, हेही त्यात सांगा. कास्टिंगवर हीट नंबर असतोच, मशीनिंगपर्यंत माग लागतो. ट्रायलमध्ये तुमचं चुकीचं निघालं तरी तुमचा शब्द वाढेल.

हे पान घेऊन आधी सीओओंकडे जा. मालकांच्या मुलाकडे थेट जायचा मोह मला समजतो. ‘काका’ म्हणणाऱ्या मुलाला दोन शब्द हक्कानं सांगावेत असं कुणालाही वाटेल. पण तुम्ही सीओओंना डावलून घरातून आत गेलात, तर त्याला एकाची बाजू घ्यावी लागेल, आणि ज्यांना त्यानं स्वतः आणलं त्यांचीच तो घेईल. नाही घेतली तर त्यांना ठेवून तो करणार काय? सीओओंना पान द्या, पंधरा दिवस थांबा, एकदा ईमेलनं आठवण करा. तरीही कुणी हललं नाही तर मुलाची ऑफिसमध्ये वेळ मागा, सीओओंना सांगून मागा. घरी जाऊ नका, लग्नकार्यात विषय काढू नका. तिथे तेच पान ठेवा आणि माणसांबद्दल एक अक्षर बोलू नका. फक्त एवढं विचारा की सकाळची मीटिंग परत सुरू करता येईल का, आणि आठवड्यातून एकदा सीओओंनी तिला उभं राहावं का. ती पंधरा मिनिटं बंद झाली तिथूनच शॉपची माहिती वर जाणं थांबलं, असं मला तुमचं पत्र वाचून वाटतं. डॅशबोर्डमध्ये ‘मिक्सरचा आवाज बदललाय’ असं लिहायला रकाना नसतो.

प्लँट हेडची जागा गेली, ते दुखणं तुम्ही एका वाक्यात लिहिलं आणि पुढे गेलात. मी तिथे थांबले. सगळे म्हणायचे, असं तुम्ही लिहिता. पण तुम्ही स्वतः ती जागा मागितली होती का? कुणाला सांगितलं होतं? जुन्या कारखान्यांत माणसं वाट बघतात, मालक ओळखतील म्हणून. मालक बदलले की ओळखणारं कुणी राहत नाही. हे दुखणं खरं आहे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. फक्त ते बेंटोनाइटच्या कागदात मिसळू देऊ नका, वाचणाऱ्याला लगेच वास येतो. त्याबद्दल वेगळं विचारा, समोरासमोर: ‘माझ्यात काय कमी पडलं?’ उत्तर पटणारं मिळालं तर कामाला लागा. टाळाटाळ झाली तर इथे पुढे वाट नाही हेही समजेल.

राजीनामा. वहिनींचं म्हणणं मी हलकं घेत नाही, तुमची झोप त्या रोज बघताहेत. आधी डॉक्टरकडे जाऊन बीपी खरंच तपासा, ते कंपनीच्या निर्णयासाठी थांबवू नका. पण रागाच्या भरात कागद टाकू नका. दुसरी नोकरी हातात येईपर्यंत नाही, आणि मुलाची बारावी होईपर्यंत शक्यतो नाहीच. तोवर आपला हिशेब मांडा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तो पगार समजा ४२,००० असेल तर चोवीस वर्षांचे साधारण ५ लाख ८१ हजार होतात. पीएफचं पासबुक यूएएननं उघडा आणि कंपनीचा हिस्सा दर महिन्याला जमा होतोय का ते बघा. उतरत्या कंपनीत आधी तेच थकतं. कंपनी सोडलीत तरी तो पैसा उचलू नका, नवीन ठिकाणी वळवून घ्या. दहा वर्षांपेक्षा जास्त सेवा झाल्यानं तुमचा पेन्शनचा हक्क उभा राहिला आहे. आणि बाहेर विचारणा सुरू करा. शिरोळी, गोकुळ शिरगाव, कागल, कुपवाड, हा कोल्हापूर-सांगलीकडचा सगळा पट्टा ओतकामाचा आहे. वाळू आणि भट्टी दोन्ही कळणारा सुपरवायझर तिथे सहज मिळत नाही. तुमची किंमत बाहेर किती आहे हे कळलं की आत बोलताना आवाज आपोआप स्थिर राहतो.

राहिला तो नागपूरचा पोरगा. पत्रात त्याच्यासाठी एकच ओळ आहे, मला तीच सगळ्यात मोलाची वाटली. तोही बाहेरचा आहे, तोही त्याच साहेबांनी आणलेला आहे, आणि ड्यूटी संपल्यावर मोल्डिंगवर येऊन उभा राहतो. सँड लॅबची रजिस्टरं आणि डेबिट नोटा त्याच्याच खात्याकडे असणार. ते पान एकट्यानं करू नका. उद्या संध्याकाळी तो आला की त्याला फाउंड्रीच्या रिजेक्शन यार्डात घेऊन जा, फोडलेल्या हाउसिंगमधला ब्लोहोल बोटानं दाखवा, आणि दोघांच्या नावानं ट्रायलचा अर्ज लिहायला बसा.